रेडिओ कोणावर गुरगुरतो

"माझ्यावर नाही गुरगुरत मेला. मी एकटी असले की कसा शहाण्यासारखा बोलतो. हा येऊन बसला की झालंच सुरू!"

पडद्याआड सासूबाई कुरकुरत होत्या. कोणाकडे, ते विचारायची सोय नव्हती, कारण खोलीत त्या आणि त्यांचा रेडिओ असे दोघेच होते. हे नुकतेच आईजवळ बसून चहा पिऊन पुढे दुकानात आले होते. यांनी ते ऐकलं नाही. मी ऐकलं आणि हातातल्या स्क्रूकडे बघत राहिले.

आमच्याकडे पुढे दुकान, मागे संसार आणि मध्ये एक पडदा. पुढे लोकांचे बिघडलेले स्पीकर आणि अँप्लिफायर येतात. हे ते दुरुस्त करतात. मी झाकणं उघडते, धूळ काढते, सुटलेल्या तारा सोल्डर करते, झाकणं परत लावते आणि गिऱ्हाइकांशी बोलते. सोल्डरिंग मला कोणी शिकवलं नाही. बघून बघून आलं आणि बोटं भाजून भाजून पक्कं झालं.

यांना अख्खी गल्ली 'कानसेन' म्हणते. गळ्यात सूर नाही, पण कान असा, की गिऱ्हाइकाने स्पीकर लावला की हे पाठमोरे, हातातलं काम न सोडता सांगायचे, "कोन फाटलाय. खालून." झाकण उघडावं तर कागदी कोन खालूनच फाटलेला.

यांची आणखी एक गंमत होती. मोबाइल स्पीकरजवळ असला की तो वाजायच्या जरा आधी स्पीकरमधून एक आवाज येतो. टकटक-टटक, टकटक-टटक आणि मग टर्रर्र. तुम्हीही ऐकला असेल. "फोन टॉवरला हाका मारतो," हे समजावून सांगायचे, "आणि आपल्या वायरी त्या हाका चोरून ऐकतात." गिऱ्हाईक रंगात येऊन बोलत असायचं आणि हे मध्येच म्हणायचे, "घ्या, फोन येतोय तुमचा." गिऱ्हाईक "कुठे?" म्हणेपर्यंत त्याचा खिसा वाजायचा. त्याचा हात दचकून खिशावर जायचा आणि सगळे हसायचे.

गंमत ठीक होती, पण हाच आवाज कामाच्या मुळावर यायचा. खरखर मशीनच्या पोटातली की कोणाच्या खिशातली, हे कळणार कसं? म्हणून यांनी नियम केला. दुकानात पाऊल टाकण्याआधी फोन दाराबाहेरच्या फळीवर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. झाकण लावायचं नाही, नाहीतर बिचारे फोन आत गुदमरून रेंज शोधत आणखी आरडाओरडा करतात. माझा फोन त्याच डब्यात, दुकानाचाही त्याच डब्यात. लोकही ऐकायला लागले. ओली छत्री दाराशी टेकवावी तसा फोन डब्यात टाकून आत यायचे. अर्धे लोक जाताना विसरून जायचे, तो भाग वेगळा.

इतका कडक बंदोबस्त असूनही गेले काही आठवडे आमच्या टेबलावरचं प्रत्येक मशीन गुरगुरत होतं. डब्यात फोन, आत टर्रर्र. मला काही म्हणता काही समजेना.

त्यातच सभागृहाचा अँप्लिफायर आला. चौकातल्या सभागृहाच्या आवाजाचं सगळं काम मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्याकडे आहे. तिथला मॅनेजर यांना दादा म्हणतो, मला वहिनी म्हणतो आणि भाषणं लांबली की आमच्याकडे येऊन बसतो. अँपचा आवाज मध्येच खाली बसत होता. यांनी तो दोष शोधून काढला, मी तारा जोडल्या. मॅनेजरसमोर चाचणी घेतली. सुरुवातीला सगळं छान आणि मग टकटक-टटक, टर्रर्र.

"स्वच्छ!" हे म्हणाले.

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. "दादा, थोडी खरखर... म्हणजे मलाच वाटली का?"

"कान वाजतात हल्ली लोकांचे," हे म्हणाले. "राहू दे, परत बघतो."

परत बघितलं. परत चाचणी. परत टर्रर्र. परत "स्वच्छ!"

त्या दिवशी मॅनेजर निघताना मी फळीपर्यंत गेले. डब्यातून फोन उचलता उचलता तो हळूच म्हणाला, "वहिनी, वरच्या लोकांना नवीन कंपनी आणायचीय. मी अडवून धरलंय. म्हटलं, दादांसारखा माणूस मिळायचा नाही. आता हा अँप जरा धड झाला ना, की मला बोलायला तोंड राहील."

"होईल हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आता दुसरी गोष्ट सांगते, जी खरं तर पहिली आहे. यांना ऐकू कमी येतं.

हे वाक्य लिहायला सोपं गेलं, बोलायला घरात कोणाची टाप नव्हती. सुरुवातीला मला वाटलं, लक्ष नसतं. "भात करू की पोळ्या?" विचारलं तर उत्तर यायचं, "हो." नवऱ्यांची लक्षणं अशीच असतात, म्हणून मी दोन्ही करायचे. मग किटली शिट्ट्या मारून मारून कोरडी पडली आणि हे तिच्या शेजारी बसून पेपर वाचत होते. मग सासूबाईंचा आवाज चढला. मला वाटलं, म्हातारपणी स्वभाव तापट होतो. नंतर लक्षात आलं, माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच बोलत होत्या, फक्त लेकाशी ओरडून. म्हणजे त्यांनाही कळलं होतं. पण त्या माझ्याकडे बघून काही बोलल्या नाहीत, मी त्यांच्याकडे बघून काही बोलले नाही. आम्हा सासूसुनेचं इतकं एकमत आयुष्यात प्रथमच झालं होतं.

यांनी मग एक नवी रीत काढली. स्पीकर लावला की त्याच्या कोनावर दोन बोटं अलगद टेकवायची, डोळे मिटायचे आणि मग मान डोलवायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय सिद्धी आहे! नुसत्या स्पर्शानं ओळखतात! मीही एकाला म्हणाले, "हो ना, आता कान लावायचीसुद्धा गरज पडत नाही त्यांना." तो भारावून गेला. मी मागे जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

बोलून टाकायचं ठरवलं नव्हतं असं नाही. पण या गोष्टीची पंचाईतच अशी आहे, की ती हळू बोलता येत नाही. जीव लावून, कानाशी लागून, अलगद सांगावं, तर ते पोचणार नाही. पोचेल असं सांगायचं तर ओरडावं लागणार, म्हणजे शेजारच्या केस कापणाऱ्याला, त्याच्या खुर्चीतल्या माणसाला आणि समोरच्या चहावाल्याला एकाच वेळी कळणार, की कानसेन बहिरा झाला. असली बातमी नवऱ्याला ओरडून कोण देईल?

म्हणून मी ठरवलं, आपण निदान ही गुरगुर शोधू. ती गेली, की "स्वच्छ" हे "स्वच्छ"च राहील आणि बाकीचं झाकलेलं झाकलेलंच राहील.

आधी संशय केस कापणाऱ्याच्या ड्रायरवर. भिंत एकच. मी जाऊन म्हणाले, "जरा बंद करा."

"वहिनी, अर्धं डोकं ओलं आहे यांचं!"

"दोन मिनिटं थांबा. अर्ध्या डोक्यानं कोणी मरत नाही. कित्येकांचा संसार होतो."

खुर्चीतला माणूस हसला, ड्रायर बंद झाला आणि आमच्याकडचा स्पीकर टर्रर्र करून मोकळा झाला. मग दुकानातली ट्यूबलाइट काढून साधा बल्ब लावला. अँपच्या वायरी बदलून जाळीच्या वेष्टणाच्या घातल्या. प्लग उलटा करून पाहिला. गुरगुर जशीच्या तशी. तीही सतत नाही. कधी तासभर गप्प, कधी दोनदा लागोपाठ. घरात पाहुणा म्हणून आलेल्या मांजरासारखी, पकडायला जावं तर नाही.

एके दुपारी हे एका शाळेचे स्पीकर पोचवायला गेले. मी अँप मुद्दाम चालू ठेवला, आवाज पूर्ण वर, आणि समोर बसून राहिले. दुपार सरली. स्पीकर दूध पिऊन झोपलेल्या बाळासारखा गप्प. मी खूश झाले. म्हटलं, जाळीच्या वायरींनी काम केलं.

हे आले. "काय ऊन आहे," म्हणत स्टुलावर बसले. आणि टकटक-टटक.

मी यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघून गोड हसले.

पडद्याआडून सासूबाई म्हणाल्या, "आला वाटतं तो!"

मी तशी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण त्या दिवशी खरंच वाटून गेलं, की आयुष्यभर ज्या मशीनना या माणसानं बरं केलं, ती आता याच्यावर गुरगुरताहेत. जनावराला धन्याचा जोर ओसरलेला कळतो म्हणतात, तसं या मशीनना कळलं असेल का? छे! मी स्वतःलाच रागावले आणि मग वेड्यासारखे प्रयोग सुरू केले. स्टूल बदललं. चष्मा पुसायच्या निमित्तानं काढून नेला. "अहो, घड्याळ द्या जरा."

"काय?"

"घ-ड्या-ळ!" मी मनगट दाखवलं.

"कशाला?"

"पट्ट्याचं माप घ्यायचंय!"

घड्याळ मागच्या खोलीत जाऊन उशीखाली बसलं आणि पुढे स्पीकर गुरगुरला. संध्याकाळी यांनी विचारलं, "पट्टा कुठाय?" तर मला खरंच जाऊन नवा पट्टा आणावा लागला.

फोनचा विचार मनात आला नाही का? आला, पण टिकला नाही. यांचा म्हणून जो फोन, तो दुकानाचाच, आणि तो माझ्या डोळ्यांसमोर डब्यात. शिवाय हल्लीचे मोठे फोन तेवढा कल्ला करत नाहीत. कल्ला करायचे ते जुने बटणांचे, आणि तसले आता गल्लीत कोणाकडे उरलेत? ज्या माणसानं डबा मांडला, तोच डब्याबाहेर फोन ठेवेल, हे सुचायला मला दुसरा जन्म घ्यावा लागला असता.

शेवटी लेकीला फोन केला. ती दुसऱ्या गावी नोकरी करते. तिला यंत्रातलं कळत नाही, पण माझ्यातलं कळतं. मी बाहेर फळीशी उभी राहून सगळं सांगितलं. ड्रायर, बल्ब, घड्याळ, सगळं. ती आधी हसली. मग म्हणाली, "बाबा बसले की येतो आवाज?"

"हो. आणि आजीचा रेडिओपण."

ती एकदम गप्प झाली. इतकी गप्प, की मी फोन कानापासून काढून बघितला, चालू आहे का.

"आत्ता बाबा कुठे आहेत?"

"आत. आजीजवळ."

"बरं आई, मी नंतर करते," म्हणाली आणि तिनं ठेवूनच दिला. मी फोन डब्यात टाकते न टाकते तोच आतून रेडिओ टर्रर्र वाजला आणि सासूबाई कडाडल्या, "बघ! बघ! लागला!"

मी पायरीवर उभी. आत आई लेकावर ओरडतेय, रेडिओ लेकावर ओरडतोय आणि लेक म्हणतोय, "साखर बरोबर आहे गं आई." मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी डब्यातले फोन नीट ओळीत लावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजर आला. चेहऱ्यावर वरच्या लोकांची सावली होती. "उद्या कार्यक्रम आहे. आज न्यावाच लागेल," म्हणाला. फोन डब्यात टाकला आणि झडती द्यावी तसे दोन्ही हात वर करून आत आला. "बघा वहिनी, काही नाही खिशात."

यांनी त्यांचा कामाचा कोट घातला होता. राखाडी, मोठ्या खिशांचा. त्या कोटाला मी धुण्याशिवाय हात लावत नाही आणि धुवायला देताना खिसे हेच रिकामे करतात, कारण त्यांत स्क्रू, फ्यूज, चिकटपट्टी असा त्यांचा खजिना असतो. अँप सुरू झाला. यांनी माइकमध्ये टिचकी मारली. आवाज भरदार, गोल, दुकानाच्या भिंतींना पुरून उरेल असा. मॅनेजरनं आवाज वर केला, खाली केला. कुठे बसला नाही. यांनी स्पीकरच्या कोनावर दोन बोटं टेकवली, डोळे मिटले. मी मनात म्हटलं, आता कोणी काही बोलू नका, कोणी हलू नका.

टकटक-टटक. टकटक-टटक. टर्रर्र.

मॅनेजरनं माझ्याकडे बघितलं. मी यांच्याकडे बघत होते, म्हणून मला दिसलं. आवाज आधी झाला आणि मग यांचा हात जरासा दचकून कोटाच्या आतल्या खिशावर गेला.

ती हालचाल मी हजार वेळा पाहिली होती, पण काउंटरच्या पलीकडे. गिऱ्हाइकांची.

हात खिशावर तसाच ठेवून हे म्हणाले, "स्वच्छ!"

मॅनेजर भला माणूस. तो म्हणाला, "झकास, दादा. एकदम झकास." अँपच्या वायरी काढायला लागला. "पुढच्या कामाचं... बघू. मी कळवतो." आणि जिथे नेहमी माझ्याकडे बघून हसतो, तिथे त्यानं जमिनीकडे बघितलं.

मला सगळं कळलं. हा अँप तो घेऊन जाईल, कपाटात टाकेल आणि उद्या दुसरीकडून भाड्यानं आणेल. कानसेनाला दुखवायचं नाही म्हणून गप्प बसेल आणि परत या पायरीवर येणार नाही. आणि अँपमध्ये तर काही नव्हतंच! यांच्या हातानं केलेलं काम आरशासारखं होतं. पण ते सिद्ध करायचं, तर यांचा कान उघडा पाडायला हवा होता. एक वाचवायचं तर दुसरं घालवायचं.

"थांबा," मी म्हणाले. मॅनेजर थांबला. हे थांबले नाहीत, कारण त्यांची माझ्याकडे पाठ होती. मी गेले आणि यांच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला.

"अगं, काय करतेस!"

हातात फ्यूज आले, चिकटपट्टी आली आणि एक छोटा, बटणांचा, काळा फोन आला. कोमट. तो माझ्या मुठीत एकदा थरथरला, पकडलेल्या पाखरासारखा. मी तो स्पीकरजवळ नेला आणि स्पीकर असा कडाडला, की पडद्याआडून सासूबाई "अगं बाई!" म्हणाल्या. मग मी पळत बाहेर जाऊन तो डब्यात टाकला आणि परत आले. अँप चालू. आवाज पूर्ण वर. चिडीचूप. आम्ही उभेच राहिलो आणि स्पीकरमधून काही म्हणजे काही आलं नाही.

"अरे!" मॅनेजरचा चेहरा फुलला. "म्हणजे मशीन ठणठणीत आहे! दादा, तुमच्याच खिशात होता की चोर! आणि आम्ही इतके दिवस... पण मग दादा, तुम्हाला इतक्या वेळात..."

तो अर्ध्यातच थांबला. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि तो अँपवरचे स्क्रू घट्ट आहेत का ते बघायला लागला. ते घट्टच होते, मी लावले होते.

सासूबाईंनी पडदा बाजूला केला. "सापडला का मेला?"

हे आमच्या तोंडांकडे बघत होते. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. शाळेत उशिरा आलेलं मूल बाकावरच्यांकडे बघतं ना, काय चाललंय म्हणून, तसं.

"लेकीनं पाठवलाय तो," हे म्हणाले. "मागच्या वेळेला तिचा फोन आला आणि मला... म्हणजे लक्षात आलं नाही. म्हणून तिनं हा दिला. निरोप आला की थरथरतो. खिशात असला की कळतं. तुला सांगणार होतो." मग जरा ताठ होऊन, पूर्वीच्या कानसेनासारखे म्हणाले, "पण मी तपासल्याशिवाय आत नाही आणला हं. माझाच नियम आहे. पहिल्या दिवशी स्पीकरला लावून बघितला होता. चांगला लावून बघितला. काहीसुद्धा आवाज नव्हता."

मॅनेजर स्क्रूंकडे बघत होता, सासूबाई पडद्याच्या काठाकडे. भिंतीपलीकडचा ड्रायरही नेमका त्याच वेळी बंद झाला.

मला ओरडता येईना. इतक्या लोकांत, तेही दुपारचं, दार सताड उघडं असताना. मी यांच्या जवळ गेले, अगदी कानाशी, आणि जेवढ्या हळू बोलता येतं तेवढ्या हळू म्हणाले, "अहो, आवाज होता."

यांनी मान मागे घेतली. माझा खांदा धरून मला समोर वळवलं, ओठ दिसतील असं. आणि वैतागून, मी भात करू की पोळ्या हे विचारायला आले असावे तसं, दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अगं, कानात काय पुटपुटतेस? समोर उभी राहून मोठ्यानं सांग. मला ऐकू येत नाही."